संगमरवरी बाईचे हात

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर हातात पोळपाट आला तो अजून सुटलेला नाही. पण चिटणीस वहिनींनी सांगितले, की तुम्ही परदेशी जाऊन आलात, तेव्हा चार शब्द बोललेच पाहिजेत. मी म्हटले, परदेशात मी पाहिले काय, तर बाळ-बाळंतीण! तरी त्या ऐकेनात. म्हणून तिथे पाहिलेल्या एकाच वस्तूविषयी आज सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे एका बाईचा संगमरवरी अर्धपुतळा. तुम्ही म्हणाल, आपल्या मंडळाचा आणि दूर देशातल्या दगडी बाईचा काय संबंध? तो शेवटी सांगते. तोपर्यंत कृपा करून ऐकून घ्यावे.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त इटली देशातील फ्लॉरेन्स या शहरी असतात. जाऊबाईंचे पहिले बाळंतपण तिथेच व्हायचे ठरले आणि त्यांच्या आईंना प्रवास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून मी गेले. डिंक, अळीव, बाळंतशेपा, खसखस सगळे बांधून नेले होते. तीन महिने राहिले. बाळाला तेल लावणे, शेक देणे, बाळंतिणीचे पथ्यपाणी यातच दिवस जाई. पण दोन महिने झाल्यावर एके दिवशी दीर म्हणाले, "वहिनी, आज बाळाला मी सांभाळतो. तुम्ही दोघी जरा बाहेर पडा." तेव्हा जाऊबाई मला एका जुन्या वाड्यात घेऊन गेल्या. त्या शिकलेल्या आहेत आणि त्यांना या गोष्टींची आवड आहे. तिथे त्यांनी समजावून सांगितले आणि पुढे घरी पुस्तकांतून वाचून दाखवले, तेच मी आज तुम्हांला सांगत आहे.

आधी वाड्याविषयी सांगते, कारण वाडाही पाहण्यासारखा आहे. त्याचे नाव बार्जेल्लो. शहराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी १२५५ साली तो बांधायला घेतला. फ्लॉरेन्समधली सरकारी कामाची ही सर्वांत जुनी इमारत. बाहेरून पाहिले तर किल्लाच वाटतो. उंच बुरूज, दगडी भिंती, मध्ये चौक, चौकात विहीर, आणि चौकातूनच वर जाणारा रुंद दगडी जिना. भिंतींवर जुन्या अधिकाऱ्यांची घराण्याची चिन्हे दगडात कोरून बसवली आहेत. पुढे १५७४ साली तिथे शहरच्या पोलीस अधिकाऱ्याचे ठाणे आले. त्या अधिकाऱ्याला त्यांच्या भाषेत 'बार्जेल्लो' म्हणत, तेच नाव वाड्याला चिकटले. मग तिथे तुरुंग झाला. आज आपण जिथे उभे राहून वर पाहतो, त्या चौकात गुन्हेगारांना देहान्ताची शिक्षा देत. १७८६ साली तिथल्या राजाने, पीटर लिओपोल्ड त्याचे नाव, आपल्या राज्यातून देहान्त शिक्षाच काढून टाकली, आणि छळाची हत्यारे त्याच चौकात जाळली. पुढे १८६५ साली त्या वाड्यात संग्रहालय सुरू झाले. म्हणजे पाहा, जिथे बायका आपल्या माणसांसाठी रडल्या असतील, तिथे आज बायका मुलांना हाताशी धरून मूर्ती पाहायला येतात. वाडा तोच, पण त्याचा उपयोग माणसाच्या बुद्धीप्रमाणे बदलला. मला हे फार आवडले.

आता अर्धपुतळा. अर्धपुतळा म्हणजे डोके, मान आणि छातीपर्यंतचा भाग. आपल्याकडे शाळेच्या आवारात किंवा चौकात पुढाऱ्यांचे असतात तसे. जुन्या रोमन लोकांत ही चाल होती. मग मध्ये पुष्कळ शतके ती मागे पडली, आणि साधारण साडेपाचशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घरांतून पुन्हा सुरू झाली. तिथे पिएरो दे मेदिची म्हणून मोठ्या सावकार घराण्यातला एक पुरुष होता. मीनो दा फिएझोले या मूर्तिकाराने त्याचा संगमरवरी अर्धपुतळा केला. त्यावर १४५३ साल घातलेले आहे, आणि त्या नव्या काळातला, साल घातलेला हा सर्वांत जुना अर्धपुतळा असे जाणकार मानतात. तोही याच वाड्यात आहे. असे पुतळे लोक घरात दारावर, खिडकीवर, शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवीत. आपण दिवाणखान्यात आजोबांचा फोटो लावतो ना, तसेच. फोटोचा शोध लागायला अजून चारशे वर्षे होती. माणूस गेल्यावर घरात त्याचे तोंड दिसावे ही इच्छा मात्र तेव्हाही होतीच.

या पुतळ्यांची एक रीत होती. ते छातीखाली, खांद्यांच्या जरा खाली, सुरीने कापावे तसे सरळ आडवे कापलेले असत. त्यामुळे त्यांना हात नसत. पुरुषाचा असो की बाईचा, तोंड पाहा आणि पुढे चला.

आणि मग आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, तिथे ती बाई होती.

उंची सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन फूट. पांढरा संगमरवर. वय विशी-पंचविशीचे वाटते. केस मागे बांधलेले, कानांजवळ कुरळ्या बटा सुटलेल्या. मान किंचित वळलेली. अंगावर दागिन्यांची गर्दी नाही. वस्त्र इतके झिरझिरीत, की धुतलेली मलमल अंगाला चिकटावी तशा त्याच्या चुण्या दिसतात. आणि मुख्य म्हणजे तिला हात आहेत! दोन्ही हात छातीशी आणलेले, आणि तिथे फुलांचा एक लहानसा गुच्छ धरलेला. बोटे लांब, पेरे दिसतात, नखे दिसतात. धरणे असे, की फूल चुरगळू नये पण खालीही पडू नये. आपण देवाला वाहायची फुले ओंजळीत धरतो तेव्हा हात आपोआप जसे होतात, तसे. या पुतळ्याला तिकडे नावच पडले आहे 'दामा कोल मात्सोलिनो', म्हणजे फुलांचा गुच्छ घेतलेली बाई.

मी पुष्कळ वेळ तिथे उभी राहिले. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, तिचे तोंड पाहा, किती शांत आहे." मी म्हटले, "तोंड तुम्ही पाहा, मला हात पाहू द्या." घरात बाळाला न्हाऊमाखू घालून माझे सगळे लक्ष त्या वेळी हातांकडेच होते. बाळाला धरायचेही असेच असते, घट्ट नाही आणि सैल नाही.

हा पुतळा केला आन्द्रेआ देल व्हेरोक्क्यो या कारागिराने, अंदाजे १४७५ ते १४८० च्या सुमारास. त्याचा बाप विटा आणि कौले करणाऱ्यांपैकी होता. मुलगा आधी सोनारकाम शिकला, मग मूर्तिकार झाला, चित्रेही काढू लागला. पोरसवदा लिओनार्दो दा विंची, ज्याचे 'मोना लिसा' हे चित्र आपण बिस्किटाच्या डब्यावरसुद्धा पाहिले आहे, तो याच व्हेरोक्क्योच्या कारखान्यात उमेदवारी करीत होता. व्हेरोक्क्यो १४८८ साली वारला. त्याने लग्न केले नव्हते. त्याच्या मागून व्हासारी नावाच्या लेखकाने या साऱ्या कलावंतांची चरित्रे लिहिली. त्यात तो सांगतो, की व्हेरोक्क्यो माणसांचे हात, पाय, गुडघे यांचे प्लास्टरचे ठसे घेई आणि ते समोर ठेवून काम करी. गेलेल्या माणसांच्या तोंडाचे ठसे घेण्याची चालही त्याच्या काळी पुष्कळ वाढली आणि त्यावरून केलेली तोंडे घरोघर दिसू लागली. तेव्हा त्याला हातांचा इतका अभ्यास कुठून आला, हे वेगळे सांगायला नको.

दगडातून हात काढणे किती अवघड, हे आपल्यासारख्यांना कळायला हरकत नाही. पूर्वी जात्याला टाकी लावायला पाथरवट दारावर येत, ते पुष्कळजणींनी पाहिले असेल. एक घाव चुकला तर पाळूचा टवका उडे. तिथे तर जाते नसून बोटे. संगमरवराचा ठोकळा आधी टोकदार छिन्नीने फोडीत आणायचा, मग दातेरी छिन्नी, मग सपाट पात्याची, मग कानस, आणि शेवटी झाव्याच्या दगडाने घासून गुळगुळीत करायचे. छातीपर्यंतच पुतळा करायचा तर दगड लहान पुरतो. हात छातीशी घ्यायचे म्हटले की दगड मोठा लागतो, आणि बोटांच्या फटींतून छिन्नी चालवावी लागते. एक बोट तुटले तर सगळे काम वाया. सोनाराची नजर असल्यावाचून हे होणार नाही. तरी त्याने ते केले, कारण त्याला वाटले असावे, की या बाईचे नुसते तोंड दाखवून ती पुरी होत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. ही बाई कोण, ते कोणाला ठाऊक नाही.

दगड जपला, नखेसुद्धा शाबूत राहिली, पण नाव गेले. अभ्यासकांनी तर्क केले आहेत. कोणी म्हणतात ही लुक्रेत्सिया दोनाती असावी. लोरेंझो मेदिची, म्हणजे मघाच्या पिएरोचा मुलगा, जिच्यावर कविता करीत असे ती. कोणी म्हणतात ही जिनेव्रा दे बेंची असावी. या जिनेव्राचे लग्न १४७४ साली सोळाव्या वर्षी झाले. लिओनार्दोने तिचे चित्र काढले आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने ते १९६७ साली पन्नास लाख डॉलरला घेतले. त्या चित्राचा खालचा भाग केव्हातरी कापला गेला. त्यात तिचे हात असावेत असे जाणकारांना वाटते, आणि ते कसे असतील याचा अंदाज ते लिओनार्दोच्या हातांच्या एका रेखाटनावरून आणि या आमच्या पुतळ्यावरून करतात. ही जिनेव्रा स्वतः कविता करीत असे. त्यांतली एकच ओळ आज उरली आहे. पुरुषांनी तिच्यावर केलेल्या कविता मात्र उरल्या आहेत! पण पुतळा तिचाच, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मला राहून राहून नवल वाटले, की एवढ्या हिशेबी गावात नाव हरवलेच कसे? फ्लॉरेन्स म्हणजे सावकारांचे गाव. पैशाच्या नोंदी तिथे काटेकोर असत. मुलींच्या हुंड्यासाठी त्या शहराने १४२५ साली सरकारी ठेव योजना काढली होती. बापाने लहानपणी मुलीच्या नावे पैसे ठेवायचे, साडेसात किंवा पंधरा वर्षांनी लग्नाच्या वेळी ते वाढून मिळायचे. म्हणजे आपल्या नायिकेच्या हुंड्याचा आकडासुद्धा कुठेतरी वहीत असेल. हुंड्याची नोंद आहे, पुतळ्याखाली नाव नाही. घरच्यांना वाटले असेल, नाव कशाला लिहायचे, आपल्याला माहीत आहेच की! पण ज्यांना माहीत होते ते गेले, घर विकले गेले, पुतळा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि माहीत असणारे कोणी उरलेच नाही.

त्याच वाड्यात आणखी एक बाई आहे, तिच्याविषयीही सांगते, म्हणजे दोन्ही बाजू पुऱ्या होतील. तिचे नाव बात्तिस्ता स्फोर्त्सा. तिचा अर्धपुतळा फ्रान्चेस्को लाउराना या मूर्तिकाराने केला. ती १४४६ साली जन्मली. आई लहानपणीच वारली. चुलत्याच्या दरबारात वाढली, लॅटिन आणि ग्रीक शिकली. तेरा-चौदा वर्षांची असताना १४६० साली तिचे लग्न उर्बिनो संस्थानच्या फेदेरिगोशी झाले. तो लढवय्या, बाराही महिने मोहिमेवर. मागे कारभार ही पाहत असे. आपल्या अहिल्याबाईंची आठवण व्हावी अशी बाई. पण तिच्यामागे एकच धोशा होता, मुलगा पाहिजे. सहा मुली झाल्या. मग १४७२ च्या जानेवारीत मुलगा झाला, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात ती वारली. वय सव्वीस. पुतळा ती गेल्यावर केलेला आहे, बहुधा मृत्यूनंतर घेतलेल्या तोंडाच्या ठशावरून. पापण्या खाली झुकलेल्या, चेहरा अगदी घोटून गुळगुळीत केलेला. मी बाळंतिणीचे पथ्य सांभाळायला गेलेली बाई. ती हकीकत ऐकून माझ्या पोटात कालवले.

बात्तिस्ताचा पुतळा जुन्या रीतीचा आहे, छातीवर आडवा कापलेला. म्हणजे पाहा, जिने राज्याचा कारभार केला तिचे नाव राहिले पण पुतळ्याला हात नाहीत; आणि जिचे हात राहिले तिचे नाव नाही. दोघींचे मिळून एक बाई पुरी होते.

हे मी घरी सांगितले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, या सगळ्या राजेरजवाड्यांच्या आणि सावकारांच्या बायका. आपल्यासारखीचा पुतळा कोणी केला आहे?" काकूंचे म्हणणे अगदी खरे आहे. ज्या मोलकरणीने त्या बाईचे ते झिरझिरीत वस्त्र धुतले, जिने तिचे केस कुरळे करून दिले, जिने ती फुले खुडून आणली, त्यांच्यासाठी कोणी संगमरवर आणला नाही. त्यांचे नावही नाही आणि हातही नाहीत. पण मला त्यातून उलट वाटते. एवढा पैसा, एवढा मोठा कारागीर, असा टिकाऊ दगड, आणि तरीही एक नाव लिहायचे राहिले म्हणून बाई अनोळखी झाली. मग आपल्याजवळ ना दगड, ना कारागीर. आपल्याजवळ फक्त लिहिणे आहे. तेही आपण केले नाही तर आपले काय राहणार?

आता मंडळाचा संबंध सांगते.

आपल्या मंडळाच्या खोलीत भिंतीवर पहिल्या वर्षीचा फोटो आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यात एकतीस बायका आहेत. मी मोजल्या. खाली लिहिले आहे, 'मंडळाच्या संस्थापक भगिनी', आणि साल. बस्स. एकीचेही नाव नाही. या स्मरणिकेसाठी तो छापायचा ठरला, तेव्हा आम्ही चौघी-पाचजणी समोर बसलो. एकतीसांपैकी एकोणीस ओळखता आल्या. बाराजणी कोण, ते कोणाला सांगता येईना. जुने सभासदपत्रक काढले, तर त्यात सगळ्या 'सौ.' आणि पुढे यजमानांचे नाव व आडनाव. एकाच आडनावाच्या तीन 'सौ.' आहेत. त्यांतली दुसऱ्या रांगेतली कोणती आणि खाली बसलेली कोणती? स्वतःचे नाव एकीचेही नाही. मंगळागौरीला, हळदीकुंकवाला आपण नवऱ्याचे नाव उखाण्यात गुंफून हौसेने घेतो. घ्यावे, त्यात गोडी आहे. पण उखाणा घेणारीचे नाव काय, हे कोणी विचारीत नाही.

आणि त्या बायकांनी केले काय काय! सुरुवातीला बसायला जागा नव्हती, तर एकीने आपली ओसरी दिली. पापडाच्या पहिल्या पिठाचे पैसे एकीने बांगडी गहाण ठेवून उभे केले. रात्रीचा साक्षरतेचा वर्ग चालवायला एक मास्तरीणबाई पावसात कंदील घेऊन येत. ही माहिती मला ज्यांनी सांगितली त्या आज पंचाहत्तरीच्या आहेत. ओसरी कोणाची हे त्यांना आठवते. बांगडी कोणाची, हे त्यांनाही आठवत नाही. ती बाई फोटोत असेल. त्या बारांपैकीच एखादी असेल. आपल्याकडे पाहत उभी असेल, आणि आपल्याला तिचे नाव घेता येत नाही.

तेव्हा माझी मंडळाला नम्र सूचना आहे, ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी.

एक, हा फोटो पुढच्या महिनाभर दर गुरुवारी दुपारी खाली उतरवून टेबलावर ठेवावा, आणि गावातल्या वयस्कर बायकांना चहाला बोलावून बारा नावांचा शोध घ्यावा. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी फोटो घेऊन जावे. मी स्वतः जायला तयार आहे.

दुसरी, आजपासून मंडळाच्या वहीत प्रत्येकीचे स्वतःचे नाव आधी लिहावे, मग बाकीचे. आणि नावापुढे एक ओळ, की ही काय करते. 'पुरणपोळी उत्तम', 'शिवण शिकवते', 'अडल्यानडल्या बाळंतिणीकडे धावून जाते', असे काहीही. म्हणजे तोंडाबरोबर हातही राहतील.

तिसरी, आज इथे जो समूहफोटो काढणार आहोत, त्याच्या मागे आजच, इथून उठण्यापूर्वी, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे शाईने लिहावीत. उद्यावर टाकू नये. आपल्याला माहीत आहेच, असे म्हणू नये. तिथल्या घरच्यांनीही तेच म्हटले असेल.

यात खर्च काही नाही. एक शाईचे पेन आणि अर्धा तास, एवढेच लागेल.

माझे बोलणे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. आता फोटोग्राफर दादा आले आहेत, तेव्हा सर्वांनी अंगणात चलावे, आणि हात पदराखाली झाकू नयेत, एवढीच विनंती करून मी माझे चार शब्द संपवते.